न जळणारी रुई

रुई जळत नाही असं मला कोणी लग्नाआधी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसले असते. माझं माहेर लांजीकडचं. दिव्याच्या वाती वळण्यात माझं लहानपण गेलं, रुई आणि आग यांचं काय जमतं ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण बालाघाटला सासरी आले, आणि एका संध्याकाळी आमच्या ह्यांनी कामावरून येऊन खिशातून एक पांढरा पुंजका काढला. रेशमासारखा चकचकीत. तो त्यांनी सरळ चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवला.

"पाह्य आता," म्हणाले.

पुंजका लाल झाला. मी म्हटलं, गेला. त्यांनी चिमट्यानं बाहेर काढला, फुंकर मारली, आणि तो होता तसाच पांढरा!

"जादू हाय का जी?"

"जादू कायची? साहेब सांगत होता, दगडातून निंगते. दगडाची रुई."

सासूबाई जात्यावरून उठून आल्या. पुंजका हातावर घेऊन डोळ्याला लावला. "देवाची असन," म्हणाल्या. "जे जळत नाई ते देवाचंच असते."

मीही हात जोडले. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. पण तेव्हा मी जेमतेम अठरा-एकोणीसची. नुकतंच नवीन राज्य झालं होतं, नागपूर आमच्या हातून सुटलं होतं, सरकारी कागद भोपाळहून यायला लागले होते, तेही हिंदीत. मला धड मराठी वाचता येत नव्हतं. पुढे किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकले, मराठीचे आणि हिंदीचेही. ते असो.

ह्यांचं काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे धानाच्या गिरण्या पुष्कळ. उकड्या तांदळासाठी धान आधी वाफेवर उकडावं लागतं, आणि वाफेसाठी मोठा बॉयलर. बॉयलरपासून वाफ लोखंडी पाइपातून जाते. पाइप उघडा ठेवला तर वाफ वाटेतच थंड होते, म्हणून त्याच्यावर जाड लेप चढवायचा. तो लेप ह्या दगडाच्या रुईचा. पोती फोडायची, पांढरी भुकटी घमेल्यात ओतायची, पाणी घालून हातानं कालवायची, आणि भिंत सारवावी तसा तळहातानं पाइपावर थर द्यायचा. जुना लेप तडकला की हातोडीनं ठोकून पाडायचा. तेव्हा तर म्हणे समोरचा माणूस दिसायचा नाही, इतका धुरळा. ह्यांचा ठेकेदार कधी बालाघाटात, कधी वारासिवनीला, कधी गोंदियाला अशी टोळी फिरवायचा. लेप द्यायला ह्यांच्यासारखा हात कोणाचा नाही, असं सगळे म्हणायचे. पाइप असा गुळगुळीत, की बघणाऱ्यानं गालावरून हात फिरवावा तसा फिरवावा.

ते घरी यायचे ते पिठाच्या चक्कीतून आल्यासारखे. भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या. मी अंगणात त्यांचा सदरा झटकायची, फटाफटा. धूळ उन्हात चमकायची. मला ते बघायला आवडायचं, खोटं कशाला सांगू?

आणि धुळीवर इलाज काय, तर गूळ! सुट्टीच्या वेळी मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. "खा लो, सब धूल पेट से निकल जाएगी." ह्यांना भारी विश्वास. सासूबाईंना तर इतका, की ज्या दिवशी गूळ मिळाला नाही त्या दिवशी त्या घरचा द्यायच्या. अरे, मी माहेरी बोकड कापताना पाहिलंय. गळ्याला दोन नळ्या असतात, एक अन्नाची, एक वाऱ्याची. गूळ एकीतून गेला आणि धूळ दुसरीतून, तर त्यांची गाठ पडायची कुठे? ही अक्कल खाटकाला आहे, शिकलेल्या साहेबाला नाही. पण साहेबाला अक्कल नव्हती असं तरी कसं म्हणू? तो स्वतः बॉयलरच्या खोलीत यायचाच नाही. दारात उभा राहून, नाकाला रुमाल लावून, बोटानं दाखवायचा. रुमाल त्याला, गूळ आम्हाला.

आता माझा शहाणपणा सांगते, कारण दुसऱ्यांना शिव्या देऊन स्वतःला वगळणं मला जमत नाही.

आमची चूल दर उन्हाळ्यात तडकायची. माती, शेण आणि धानाचा कोंडा कालवून बाया चूल घालतात. कोंडा आतल्या आत जळतो, मग मातीला भेगा पडतात. मी विचार केला, कोंडा जळतो म्हणून चूल फुटते, तर न जळणारं काही घातलं तर? ह्यांना म्हटलं, "अजी, तुमची ते रुई आना न थोडीशी."

"कायले?"

"आना तं. मंग सांगतो." आमच्याकडे बायाही अशाच बोलतात, हसू नका.

त्यांनी पिशवीभर आणली. मी कोंड्याच्या जागी ती घातली, कोपरापर्यंत हात घालून मळली, आणि चूल घातली. काय चूल झाली ती! वर्ष गेलं, दोन गेली, केसाएवढी भेग नाही. आमच्या वॉर्डात माझं नाव झालं. शेजारच्या वयनी यायच्या, चुलीच्या काठावरून बोट फिरवायच्या. "माय वं, हे तं सिमिटाची वाटते." मी पदर खोचून सगळ्यांना कृती सांगायची. एवढी माती, एवढं शेण, आणि मूठ-दोन मूठ रुई. ती कोरडीच आधी पिंजायची बरं का, म्हणजे गाठी होत नाहीत. पाच-सहा घरी तर मी स्वतः बसून पिंजून दिली. नवऱ्याची रुई आणि बायकोची विद्या. संक्रांतीला मला सगळ्यांच्या आधी हळदीकुंकू!

पहिली खूण ह्यांच्या बोटांवर आली. उजव्या हाताच्या तळव्याला आणि दोन बोटांना बारीक टणक गाठी उठल्या. दाबलं की दुखायच्या. सासूबाई म्हणाल्या, चामखिळी. मी बिब्बा गरम करून लावला. बिब्ब्यानं भोवतालची कातडी उतली, गाठ मात्र जिथल्या तिथे. एकदा मी सुई घेऊन बसले आणि गाठ उकरली. आतून काय निघावं? केसाहून बारीक पांढरी कुसं. रुईचीच. कातडीत रुतलेली, आणि त्यांच्याभोवती कातडीनं टणक भिंत बांधलेली.

"धानाचं कुसळ रुततेच न हातात," हे म्हणाले. "तसंच."

मी म्हटलं, "कुसळ पिकते, पू होते, निंगून जाते. हे तं निंगून नाई राह्यलं."

"मंग ऱ्हाऊ दे. खायले मांगते का ते?"

ऱ्हाऊ दिलं. वर्षं गेली. आधी जिना चढताना थांबायला लागले. मग सायकलवर भरवेलीच्या चढाला उतरायला लागले. ज्या चढावर मला डबलसीट नेलं होतं, तिथे आता सायकल हातात धरून चालायचे आणि तरी धापा. कोरडा खोकला, बेडका पडायचा नाही. बोटांची टोकं फुगली, नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकली. पाठीला कान लावला तर श्वास घेताना आत चरचर वाजायचं, कोरड्या पानांवरून कोणी चालावं तसं.

गिरणीवाल्यांचा एक ठरलेला डॉक्टर होता. त्याच्याकडे मुकादम घेऊन गेला, मीही मागे गेले. डॉक्टरनं छातीला नळी लावायच्या आधीच विचारलं, "बीड़ी पीते हो?"

"नहीं साब."

"कभी तो पी होगी."

"कभी नहीं, साब."

"तो बाप पीता होगा."

बाप! बाप मरून वीस वर्षं झाली होती, आणि तो तंबाखू खायचा. आमच्या बालाघाटात तेंदूपत्ता निघतो म्हणून प्रत्येक छाती बिडीनंच बिघडली पाहिजे, असा ह्या डॉक्टरांचा नियम. मी मागून म्हटलं, "साहब, इनका काम धूल का है." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं टेबलच बोललं. म्हणाला, "टी.बी. है." थुंकी तपासली, काही निघालं नाही. पुन्हा तपासली, काही निघालं नाही. तिसऱ्यांदाही नाही. तर म्हणतो, "छिपी हुई टी.बी. है." वा रे विद्या! दिसली तर आहेच, नाही दिसली तर लपलेली आहे.

मग सुरू झालं. ढुंगणात सुया, ताट वेगळं, तांब्या वेगळा. ज्या वयनी माझ्या चुलीवरून बोट फिरवायच्या, त्याच आता उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून बोलायच्या. "पोरीले जवळ नोको जाऊ देऊ, बाई." आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची. बापाच्या मांडीवर बसायची सवय. तिला ओढून दूर बसवायची म्हणजे मलाच रडू यायचं. ते मात्र हसून म्हणायचे, "दूरूनच सांग गोष्ट, मी दूरूनच आयकतो."

सुयांनी काडीचा फरक पडला नाही, तरी काही महिन्यांनी डॉक्टरनं सांगितलं, इलाज पूरा हो गया, फिट है, काम पर जाओ. मुकादम निरोप घेऊन आला. पोळा झाला की बॉयलर उघडणार, जुना लेप पाडायचा आहे, मिस्त्रीला, म्हणजे ह्यांना, पाठवा. अंगणात दहा पावलं चालला की खाटेवर बसणारा माणूस म्हणे फिट!

माझा मामेभाऊ नागपूरला एका दवाखान्यात मलमपट्टीच्या कामाला होता. मी म्हटलं, जे होईल ते होवो, आणि ह्यांना आणि मुलीला घेऊन निघाले. छोट्या लाईनच्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. भावानं छातीच्या डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. बाई पन्नाशीच्या, आवाज मास्तरणीचा. बिडीचं नंतर विचारलं. आधी विचारलं, "काम काय करता?"

ह्यांनी सांगितलं. बाईंनी नळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "हात दाखवा."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी डॉक्टर छातीच्या दुखण्याला हात बघत होती. तळव्यावरची गाठ बाईंनी अंगठ्यानं दाबली. "ही उकरली होती का कधी?"

"मी उकरली," मी म्हटलं. "आत रुईची कुसं होती, आणि भोवती टणक."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबल नव्हते. "मग तुम्हाला अर्धं कळलेलंच आहे," म्हणाल्या. "बोटानं बाहेर जे केलं, तेच छाती आत करते आहे."

एक्स-रे काढला. बाईंनी तो उजेडात धरला. क्षय बहुतेक वरच्या अंगाला बसतो, म्हणाल्या, आणि हे बघा, हे सगळं खालच्या बाजूला आहे, जाळं विणल्यासारखं. मग थुंकी काचेवर घेऊन दुर्बिणीखाली ठेवली. स्वतः पाहिली, आणि मला म्हणाल्या, "या, बघा."

मी एक डोळा मिटून पाहिलं. आधी नुसता पिवळट चिखल. मग बाईंनी कसलीशी खुंटी फिरवली आणि मधोमध एक काडी उभी राहिली. सोनेरी-तपकिरी, सरळ, आणि तिच्यावर मणी ओवल्यासारखे गोळे. दिसायला इतकी सुंदर, की मेलीची चीड आली.

"ही तुमची रुई," बाई म्हणाल्या. "ॲस्बेस्टॉस. वरचे मणी तिचे नाहीत. ते ह्यांच्या शरीरानं चढवलेत, रक्तातल्या लोहाचे. बंदोबस्त करायला पाहिला तिचा."

मी सांगितलं, बाई, मी शिकलेली नाही, पण मला सगळं समजून घ्यायचंय. आणि त्या माउलीनं बाहेर रांग असताना समजावलं. मी ते जसं घरी आणलं तसंच सांगते.

आपल्या फुफ्फुसात पहारेकरी असतात, डोळ्याला न दिसणारे. त्यांचं काम गिळायचं. चुलीची राख गेली, रस्त्याची धूळ गेली, ते गिळतात, जिरवतात, नाहीतर वर ढकलून खोकल्यातून बाहेर काढतात. रोजचं झाडलोटीचं काम. पण ही काडी पहारेकऱ्यापेक्षा लांब. तो तिला एका टोकाकडून गिळायला जातो, अर्धी पोटात, अर्धी बाहेर. गिळवत नाही आणि सोडवत नाही. जिरवण्यासाठी त्याच्या पोटात जो तेजाब असतो, तो तोंड बंद न झाल्यामुळे बाहेर सांडतो. सांडला की आजूबाजूला भाजतं, सुजतं. पहारेकरी मरतो, पण मरता मरता हाक मारून जातो. हाकेला दुसरे येतात, तेही त्याच काडीला झोंबतात, तेही सांडतात, तेही मरतात. काडी तशीच. आगीत जळली नाही ती, तेजाबानं काय जळणार?

"मंग?" मी विचारलं.

"मग शरीर म्हणतं, हे काढता येत नाही तर बुजवा. जखमेवर जसा वण धरतो तसे वणाचे थर तिथे चढायला लागतात. फुफ्फुस मऊ असलं पाहिजे, फुगलं पाहिजे. वणाला फुगता येत नाही."

हे मधेच म्हणाले, "म्हन्जे लेप देऊन राह्यली छाती."

"हो," बाई म्हणाल्या. "लेपच."

"चांगला देते का? गुळगुळीत?"

बाईंना हसावं की रागवावं कळेना. मग त्यांनी साफ सांगितलं. क्षय नाही, मुलीला मांडीवर घ्या, ताट-तांब्या एक करा. चढलेला लेप उतरत नाही, त्याला औषध नाही. धूळ थांबवली तरी आतल्या काड्या काही वर्षं आपलं काम करतच राहतील. पण जी मूठ अजून आत गेली नाही, ती जाऊ देऊ नका. "जुना लेप पाडायला गेलात तर तुम्ही स्वतःच्या पायानं गेलात असं समजेन." तसं इंग्रजीत कागदावर लिहून दिलं, खाली सही, शिक्का.

मी निघता निघता विचारलं, "बाई, चुलीच्या मातीत ती रुई कालवली तर?"

बाईंचा हात कागदावरच थांबला. "कोणी कालवली?"

मी माझे हात पदराखाली घेतले. त्यांना कळलं. "चूल पोतारताना, खरवडताना उडते," एवढंच म्हणाल्या. "मोडायची असेल तर ओली करून मोडा. तोंड बांधून. कोरडी नाही."

परतीच्या गाडीत मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती, आणि मी पाच-सहा घरच्या चुली मोजत होते.

कागद घेऊन मी, ज्या गिरणीचा बॉयलर उघडायचा होता तिथे गेले. मॅनेजरनं तो गिरणीच्या डॉक्टरपुढे सरकवला. डॉक्टरनं शिक्का पाहिला, मजकूर नाही. "ये तो महाराष्ट्र का काग़ज़ है. यहाँ नहीं चलेगा."

मी म्हटलं, "छाती तो यहीं की है, साहब."

"बाई, ये विलायत की बीमारी है. हमारे यहाँ नहीं होती."

रुई परदेशातून आलेली चालते, बॉयलर परदेशातून आलेला चालतो, रोग मात्र सरहद्दीवर थांबतो! ज्या नागपूरला कालपरवापर्यंत आमचा राज्यकारभार होता, तिथल्या डॉक्टरीणीचं अक्षर आता गोंदियाच्या पुढे आंधळं होतं. मी कागद उचलला आणि आले.

पण खरी लढाई तिथे नव्हतीच, घरात होती. ह्यांना जायचं होतं. हो, सगळं ऐकून, समजून. मुकादमानं पुन्हा निरोप धाडला होता, नवीन माणसाच्या हातचा लेप आठ दिवसांत गळाला, मिस्त्री, तुमच्याशिवाय होत नाही. ह्या एका वाक्यानं माणूस फुगला. फुगायला छातीत जागा नव्हती, तरी फुगला.

"एकच बॉयलर," म्हणाले. "पोरायले दाखवतो आन येतो. मी दूरून सांगीन."

"दूरून तुमाले ऱ्हावलं हाय का कधी? कोनाचा हात वाकडा दिसला का तुमी घमेल्यात हात घालसान."

"अवं, मंग करू काय? खाटंवर बसून माशा मारू? माह्या हाताले दुसरं काय येते?"

"जीव जाऊन राह्यला तुमचा!"

"जाऊ दे. बसून जान्यापक्षा करून जाईन."

सासूबाईही त्यांच्याच बाजूच्या. नागपूरची बाई काल भेटली, गिरणी वीस वर्षं पोसते, आणि गुळाचा खडा कधीतरी चुकला असेल म्हणून हे झालं, असं त्यांचं मत शेवटपर्यंत होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीचा गलका गल्लीतून पुढे गेल्यावर, हे सदरा घालून सायकल काढायला लागले. मी विहिरीवरून दोन घागरी पाणी आणलं, आणि चुलीवर ओतलं. चूल पेटलेली होती. भातही होता वर, तो मात्र आधी उतरवला, मी काही वेडी नव्हते. सूंऽ करून वाफ उठली. घरभर राखेचं पाणी. पदर तोंडावर घट्ट बांधला आणि कुदळ घेतली.

आमच्यात सवाशीण चूल मोडत नाही. नवीन घालायची असली तर आधी नवी घालून, हळद-कुंकू वाहून, विस्तव तिच्यात नेऊन मग जुनी हळूच काढतात. पेटत्या चुलीवर पाणी ओतून कुदळ घालणं, हे फक्त एकाच घरी होतं. कोणत्या, ते लिहीत नाही.

सासूबाई किंचाळल्या. "अवं रांडे! जित्ता हाय माहा पोरगा! चूल काहून मोडून राह्यली?"

"तो जाऊन राह्यला न आत्याबाई, मंग ठेवू कोनासाठी?"

मी हाणत राहिले. चूल काही केल्या फुटेना. माझीच कारागिरी! कोंड्याची असती तर दोन घावांत बसली असती. मी घामाघूम झाले, रडत होते, शिव्या देत होते. चुलीला, साहेबाला, बिडीच्या डॉक्टरला, स्वतःला. बाहेर वयनी जमल्या. कोणी आत यायला धजेना.

सायकल स्टँडवर लागल्याचा आवाज आला. हे दारात येऊन उभे राहिले. आत येऊ देईना मी, "तिथीसाच ऱ्हा!" म्हणून ओरडले. कुदळीनं एक मोठं ढेकूळ सुटलं होतं. ते त्यांच्या पायाशी घरंगळत गेलं. ओल्या मातीतून पांढरी कुसं बाहेर आली होती, म्हाताऱ्याच्या हनुवटीवरच्या खुंटासारखी. इतकी वर्षं रोज विस्तव खाऊनही एक कूस काळं पडलेलं नव्हतं.

ते वाकून बघत राहिले. वाकायलाही दम लागत होता, तरी बघत राहिले.

"काईच नाई झालं याले," म्हणाले.

"नाई झालं. पायलं न? याले काई होत नाई."

ते उंबऱ्यावर बसले. मग सदऱ्याची बटणं काढायला लागले. "पोरीले सांग," म्हणाले, "मुकादमाले सांगून ये मनावं, बाबा येत नाई."

सासूबाईंनी तीन दिवस माझ्याशी अबोला धरला. मी आमच्या परसात खड्डा करून ती चूल पुरली, आणि कोंड्याची नवी घातली. ती पहिल्याच महिन्यात तडकली. मला इतका आनंद कशाचाच झाला नव्हता.

वॉर्डातल्या बायांकडेही गेले, एकेकीच्या दारात. दोघींनी मोडली. एक म्हणाली, "नवऱ्याचा राग चुलीवर काढला तुवा, आमच्या काहून मोडते?" एक म्हणाली, "तूच शिकवलं आन तूच भेव दाखवते, वा वं पंडितीन!" बोलल्या त्या खरंच बोलल्या. त्यांच्यापैकी कोणाला पुढे काय झालं, मला सांगता येत नाही. चुलीजवळ खोकणाऱ्या बाईला कोण विचारतं? धूर लागला म्हणतात.

ह्यांनी मग घरासमोरच सायकलदुरुस्तीची पेटी मांडली. हाताला दुसरं काही येत नाही म्हणणारा माणूस, आठ दिवसांत चाकाचा आऊट काढायला, वाकडी रिम सरळ करायला शिकला. पंक्चर काढायचं त्यांनी, पंपानं हवा भरायची मी. त्यांच्यात तेवढा श्वास नव्हता. सुरुवातीला लोक थांबून बघायचे, लुगडं नेसलेली बाई पंप मारते म्हणून. मी म्हणायची, बघता काय, तुम्ही मारा.

एकदा गिरणीचा मॅनेजरच आला, मागचं चाक बसलं होतं. ह्यांनी पंक्चर काढलं, मी पंप लावला. तो ह्यांना म्हणाला, "क्यों मिस्त्री, औरत से हवा भरवाते हो?"

हे हसले. मी नाही हसले. दट्ट्या दाबता दाबता म्हटलं, "इनकी हवा आपके पाइप पर लगी है, साहब. निकाल के ला दो, तो ये भर देंगे."

मॅनेजरनं टायर दाबून बघितला, सायकलवर टांग टाकली आणि निघून गेला. हवा मी नीट भरली होती, त्यात कसूर नाही. हे त्याच्या पाठीकडे बघत म्हणाले, "पोळा आला. नवा लेप कोन देऊन राह्यलं, विचारलं नाई म्या."

"नोका विचारू," मी म्हटलं, आणि पंप आत नेऊन ठेवला.